केंब्रिजची तिवई

बारावीचे निकाल लागले कीं आपल्या मध्यमवर्गीय घरांत महिनाभर एकच प्रश्न घोळत राहतो : मुलाला किंवा मुलीला कोणत्या कॉलेजांत घालावें? वडीलमंडळींचें म्हणणें, अभ्यास कसून करून घेणारें कॉलेज हवें. मुलांचें म्हणणें, आयुष्याचीं तीनचार वर्षें जेथें काढावयाचीं तेथें कांहीं आनंदहि असावा. शेवटीं तडजोड म्हणून दोन्ही गुण अंगीं असलेल्या कॉलेजाचा शोध सुरू होतो. या शोधाच्या मुळाशीं एक समजूत दडलेली असते. अभ्यास व आनंद हीं तराजूचीं दोन पारडीं आहेत. एक जड झालें कीं दुसरें उचललें जाणारच. आणि ज्याचा कांटा मधोमध उभा तें कॉलेज उत्तम, अशी ती समजूत. ती खरी आहे कीं काय हें नुसत्या तर्कानें ठरण्यासारखें नाहीं. परंतु इतिहासांत असें एक विद्यापीठ आहे कीं जेथें हीं दोन पारडीं शतकानुशतकें वरखालीं होत आलीं, आणि जेथें आपल्या महाराष्ट्राचाहि एक विद्यार्थी अगदीं शिखरावर जाऊन उभा राहिला. तें विद्यापीठ म्हणजे केंब्रिज. तेथील गणिताच्या परीक्षेची कथा या दृष्टीनें पाहण्यासारखी आहे.

या परीक्षेचें नांव ट्रायपॉस. तिचा दरारा पुष्कळांनीं ऐकला असेल. परंतु या शब्दाचा मूळ अर्थ तीन पायांची बैठक, म्हणजे आपली तिवई, असा आहे हें थोड्यांस ठाऊक असतें. सोळाव्या शतकांत केंब्रिजला लेखी परीक्षा नव्हती. पदवी घेऊं इच्छिणारानें लॅटिन भाषेंत सर्वांसमक्ष आपला पक्ष मांडावयाचा आणि प्रतिपक्षाचें खंडन करावयाचें, अशी रीत होती. आपल्याकडील शास्त्रीमंडळींच्या वादसभेची आठवण व्हावी अशीच ती. ईस्टरपूर्वीच्या उपवासकालाच्या पहिल्या दिवशीं जो समारंभ होई, त्यांत एक जुना पदवीधर तिवईवर बसे आणि नव्या उमेदवारांशीं वाद घाली. कालांतरानें या वादांत थट्टेचा भाग वाढला. सतराव्या शतकांत तर भर सभेंत विनोद करण्याचा जणूं मक्ताच त्या इसमाकडे आला, आणि तिवईवर बसतो म्हणून त्यालाच 'ट्रायपॉस' म्हणूं लागले. त्याची जीभ इतकी सैल सुटे कीं विद्यापीठाच्या अधिकाऱ्यांना त्यास मर्यादेची आठवण करून द्यावी लागे. पुढें त्याच्या भाषणाची जागा लॅटिन पद्यांनीं घेतली व तीं छापून वांटण्यांत येऊं लागलीं. १७४८च्या सुमारास त्या कागदाच्या कोऱ्या पाठीवर सन्मानानें उत्तीर्ण झालेल्या विद्यार्थ्यांची यादी छापावयास सुरुवात झाली. अशा रीतीनें तिवईचें नांव माणसास मिळालें, माणसाचें पद्यांस, पद्यांचें यादीस, आणि यादीचें परीक्षेस. जगांतील एका अत्यंत कडक परीक्षेचें नांव थट्टेखोराच्या आसनावरून पडलें आहे, ही गोष्ट केवळ गमतीची नव्हे. विद्येची कसोटी व विनोद यांस बसावयास तेथें एके काळीं एकच आसन पुरत होतें, हें ती सांगते.

यापुढचा इतिहास म्हणजे कागदाच्या पाठीनें त्याचें तोंड गिळून टाकल्याचा इतिहास होय. पद्यें मागें पडलीं, यादी पुढें आली. यादींत नांवें गुणानुक्रमानें येत. पहिल्या वर्गांतील विद्यार्थ्यांस 'रँग्लर' म्हणत. या शब्दाचा अर्थ वाद घालणारा, म्हणजे जुन्या वादसभेची खूण तेवढी त्यांत शिल्लक राहिली. त्यांतील पहिला तो सीनियर रँग्लर. त्यांच्या खालीं सीनियर ऑप्टिमे व ज्युनिअर ऑप्टिमे असे आणखी दोन वर्ग. अगदीं शेवटच्या इसमाची पदवी घेण्याची वेळ आली कीं त्याचे सोबती सिनेट हाउसच्या सज्जांतून एक लांकडी चमचा दोरीनें त्याच्यापुढें खालीं सोडीत. जुन्या तिवईवरील विनोदाचा एवढाच अवशेष राहिला होता, आणि तोहि आतां सर्वांत मागें राहिलेल्याच्या वाट्याला आला होता. तोंडी वाद जाऊन लेखी प्रश्न आले, यालाहि कारण ही यादीच. नांवांचा क्रम लावावयाचा तर गुण मोजतां आले पाहिजेत, आणि मोजावयाचे तर उत्तर कागदावर हवें.

एकोणिसाव्या शतकाच्या मध्यास ही परीक्षा पूर्ण भरांत आली. १८५४ सालीं ती ८ दिवस चालली. प्रश्नपत्रिका १६, प्रश्न २११, आणि लिहिण्याचा एकूण वेळ साडेचव्वेचाळीस तास. त्या वर्षीं एडवर्ड राउथ पहिला आला व जेम्स क्लार्क मॅक्सवेल दुसरा. या परीक्षेचें यश लहान होतें असें कोणीं म्हणूं नये. एअरी, स्टोक्स, केली, अॅडम्स हे सारे सीनियर रँग्लर. विल्यम थॉमसन, म्हणजे पुढें लॉर्ड केल्व्हिन म्हणून प्रसिद्धीस आलेला पदार्थविज्ञानवेत्ता, आणि इलेक्ट्रॉनचा शोध लावणारा जे. जे. थॉमसन हे मॅक्सवेलप्रमाणेंच दुसऱ्या क्रमांकाचे रँग्लर. एवढीं नांवें ज्या यादींत सांपडतात ती यादी निरर्थक खास नव्हती.

परंतु हीं नांवें तयार होत होतीं कोठें? विद्यापीठाच्या व्याख्यानगृहांत नव्हे, तर खासगी शिकवणींत. विल्यम हॉपकिन्स नांवाचा एक शिक्षक केंब्रिजांत शिकवण्या करीत असे. १८४९पर्यंत त्याच्या हाताखालून १७ सीनियर रँग्लर बाहेर पडले होते. स्टोक्स, केली, थॉमसन, मॅक्सवेल हे सर्व त्याचेच शिष्य. त्याच्यानंतर राउथनें ती गादी चालविली आणि पंचविसांहून अधिक सीनियर रँग्लर घडविले. ठराविक प्रमेयें तोंडपाठ, ठराविक वेळांत ठराविक उदाहरणें, आठवड्याच्या आठवड्यास चांचणी, असा तो कारखाना होता. नांव कॉलेजांत आणि अभ्यास क्लासांत, ही जी आज आपल्या घरोघर रूढ झालेली रीत, तिचा पुरा अनुभव केंब्रिजनें दीडशें वर्षांपूर्वींच घेतला होता. फरक इतकाच कीं तेथील क्लास पदवीच्या परीक्षेचे होते आणि आपले कॉलेजच्या उंबरठ्यावरचे आहेत.

या व्यवस्थेंत आनंदाचें काय झालें? तो नाहींसा झाला नाहीं. त्याचें स्थान पालटलें. अभ्यासू विद्यार्थ्यांची दिनचर्या बहुधा ठरलेली असे : सकाळीं अभ्यास, दुपारीं दोन तास वल्हविणें किंवा लांबवर चालणें, मग भोजन, आणि पुन्हां रात्रीं अभ्यास. मेंदूवर पडणारा ताण शरीराच्या श्रमानें उतरवावयाचा, म्हणजे दुसऱ्या दिवशीं तो पुन्हां सोसतां येतो, असा त्यामागचा हिशेब. येथें आनंद हा अभ्यासाचा सोबती राहिला नाहीं, त्याचें औषध झाला. औषध वेळेवर व मापानें घ्यावयाचें असतें. त्याची गोडी कोणी विचारीत नाहीं. दुसऱ्या बाजूस ज्यांस क्रमांकाची आशाच नव्हती अशा विद्यार्थ्यांचा एक मोठा वर्ग होता. त्यांस 'पोल-मेन' म्हणत, म्हणजे सामान्य जनसमूह. ते साधी पदवी घेत आणि कॉलेजांतले दिवस मजेंत घालवीत. सेंट जॉन्स कॉलेजचा नौकासंघ १८२५ सालीं निघाला, आणि १० जून १८२९ रोजीं हेन्ली येथें ऑक्सफर्डशीं नौकांची पहिली शर्यत झाली. त्या शर्यतींत केंब्रिज हरलें. परंतु खेळाडू म्हणून कीर्ति मिळविण्याचा एक स्वतंत्र मार्ग त्या दिवसापासून मोकळा झाला. एकाच विद्यापीठांत वाचणारांचें एक राष्ट्र आणि वल्हविणारांचें दुसरें, असा भेद पडत चालला.

असें असतांहि केंब्रिजनें जगास जीं खरोखर मोठीं माणसें दिलीं, तीं बहुधा या दोन राष्ट्रांची सीमा न जुमानणारीं निघालीं. विल्यम थॉमसन याचें उदाहरण पाहा. त्याचे वडील ग्लासगो येथें गणिताचे प्राध्यापक. मुलगा सीनियर रँग्लर व्हावा ही त्यांची उघड इच्छा. मुलानें केंब्रिजला जाऊन एक होडी विकत घेतली हें कळल्यावर त्यांस जी काळजी वाटली ती आजच्या कोणत्याहि पालकास समजण्यासारखी आहे. मुलानें होडी सोडली नाहीं. १८४३ सालीं एकट्यानें वल्हविण्याच्या शर्यतींत त्यानें रुप्याचीं वल्हीं जिंकलीं, त्याच सुमारास निघालेल्या विद्यापीठाच्या संगीतमंडळींत तो वाद्य वाजवूं लागला, आणि १८४५ सालीं तो दुसरा रँग्लर झाला. परीक्षेंत पहिला आलेला पार्किन्सन हा सद्गृहस्थ आज केवळ यादींत उरला आहे.

मॅक्सवेलची तऱ्हा त्याहून निराळी. पहाटे दोन वाजतां व्यायाम म्हणून तो ट्रिनिटी कॉलेजच्या ओवऱ्यांतून धांवे, जिना उतरे, पुन्हां चढे. आणि झोपमोड झालेले शेजारी दाराआड दबा धरून बसून त्याच्यावर जोडे व ब्रश फेंकीत. त्याचबरोबर 'अपॉसल्स' या नांवानें ओळखल्या जाणाऱ्या छोट्या वादमंडळांत तो परीक्षेशीं कांडीमात्र संबंध नसलेल्या विषयांवर निबंध वाची. हें मंडळ १८२० सालीं निघालें होतें, आणि वाद व विनोद यांचें जुनें तिवईचें नातें तेथें जिवंत राहिलें होतें असें म्हणावयास हरकत नाहीं.

तिसरें उदाहरण चार्ल्स डार्विनचें. तो रँग्लरांच्या यादींत कोठेंहि नाहीं. जानेवारी १८३१मध्यें साध्या पदवीच्या यादींत तो दहावा आला. क्राइस्ट्स कॉलेजांतील त्याचे दिवस शिकारींत, घोड्यावर आणि मित्रांच्या मेजवान्यांत गेले. सर्वांत मोठा छंद भुंगेरे गोळा करण्याचा. परंतु वनस्पतिशास्त्राचे प्राध्यापक हेन्स्लो यांच्या घरीं आठवड्यांतून एकदां संध्याकाळीं विद्यार्थी व अध्यापक गप्पागोष्टींकरितां जमत, तेथें हा तरुण जाऊं लागला. पुढें तो हेन्स्लोंबरोबर इतक्या वेळां फिरावयास जाई कीं 'हेन्स्लोंबरोबर फिरणारा' हीच त्याची ओळख झाली. 'बीगल' जहाजावर जाण्याची संधि त्यास हेन्स्लोंच्याच शिफारशीनें आली. त्या फिरण्यास कोणीं अभ्यास म्हटलें नाहीं आणि त्याचे कोणीं गुणहि दिले नाहींत.

या तिन्ही उदाहरणांत समान असें काय आहे? केंब्रिजमधील कॉलेज म्हणजे तास घेण्याची इमारत नव्हे. तें राहण्याचें घर असतें. गणिताचा, ग्रीकचा व वैद्यकाचा विद्यार्थी एकाच जिन्यावर राहतो, एकाच दालनांत जेवतो, आणि अध्यापकहि त्याच छपराखालीं असतात. गुणांच्या यादीनें जें वेगळें केलें तें जेवणाच्या टेबलानें पुन्हां एकत्र आणलें. मात्र हें सुख सर्वांस मिळत नव्हतें हेंहि सांगितलें पाहिजे. स्त्रियांकरितां गर्टन कॉलेज १८६९ सालीं व न्यूनहॅम १८७१ सालीं निघालें. न्यूनहॅमची फिलिपा फॉसेट हिला १८९० सालीं ट्रायपॉसमध्यें सर्व पुरुषांहून अधिक गुण मिळाले आणि 'सीनियर रँग्लरच्या वर' असें तिचें स्थान जाहीर झालें. तरी तिला पदवी मिळाली नाहीं. स्त्रियांस केंब्रिजची पूर्ण पदवी १९४८पासून मिळूं लागली. एकेका गुणानें माणसांचा क्रम लावणाऱ्या त्या यादींत पहिल्याहून पहिल्या आलेल्या मुलीचें नांव घालावयास ओळ नव्हती!

आतां आपल्या घरचें उदाहरण. रघुनाथ पुरुषोत्तम परांजपे यांचा जन्म १८७६ सालीं दापोलीजवळच्या मुर्डी गांवीं झाला. पुण्यास आपले नातेवाईक धोंडो केशव कर्वे यांच्या आश्रयानें राहून ते फर्ग्युसन कॉलेजांत शिकले, सरकारी शिष्यवृत्तीवर १८९६ सालीं केंब्रिजला सेंट जॉन्स कॉलेजांत गेले, आणि १८९९ सालीं पेम्ब्रोक कॉलेजच्या बर्टविसलबरोबर संयुक्तपणें सीनियर रँग्लर झाले. हिंदी मनुष्यानें तो मान पहिल्यानेंच मिळविला होता. परक्या राज्यांत राज्यकर्त्यांच्याच आखाड्यांत त्यांना जिंकल्याचा तो आनंद होता, आणि 'रँग्लर' हा शब्द महाराष्ट्रांत पदवी न राहतां त्यांच्या नांवाचाच भाग होऊन बसला. परंतु या यशानंतर त्यांनीं केलें काय, हें अधिक मोलाचें आहे. मोठ्या पगाराची सरकारी नोकरी सहज मिळत असतां आधीं दिलेल्या शब्दाप्रमाणें ते पुण्यास परतले, डेक्कन एज्युकेशन सोसायटीचे आजीव सभासद म्हणून अल्प वेतनावर राहिले, आणि १९०२ सालीं फर्ग्युसनचे प्रिन्सिपॉल झाले. पहिल्या क्रमांकाचें तेज त्यांनीं आपल्या कॉलेजास दिलें. कॉलेजच्या नांवावर क्रमांक मिळविणें सोपें. क्रमांकानें कॉलेज उभें करणें अवघड.

परांजपे पहिले आले त्याच्या आदल्या वर्षीं, १८९८ सालीं, ट्रिनिटीचा जी. एच. हार्डी नांवाचा तरुण त्याच परीक्षेंत चौथा आला होता. शिकवणीच्या घाण्याला तो इतका विटला कीं गणित सोडून इतिहास घ्यावा असें त्याच्या मनांत येऊन गेलें. तेव्हां लव्ह या अध्यापकानें त्याच्या हातीं फ्रेंच गणिती जॉर्दां याचा ग्रंथ दिला, आणि गणित म्हणजे खरें काय हें हार्डीस त्या ग्रंथापासून कळलें. क्रमवारीविरुद्ध जी चळवळ झाली तींत पुढें तो अग्रभागीं होता. १९०७ सालीं विद्यापीठानें सुधारणा मान्य केली, आणि १९०९ सालीं गुणानुक्रमाची यादी अखेरची प्रसिद्ध झाली. त्या वर्षीं शेवटचा लांकडी चमचा ज्यास मिळाला तो होल्टहाउस परांजप्यांच्याच सेंट जॉन्स कॉलेजचा नाविक होता, आणि त्याच्या मीटरभर लांब चमच्याचा दांडा वल्ह्याच्या आकाराचा केलेला होता. सीनियर रँग्लर आणि चमचेवाला दोघेहि एकाच घरचे!

यादी गेल्यावर केंब्रिज ढिलें पडेल अशी भीति पुष्कळांस वाटली होती. घडलें निराळेंच. हार्डी व लिटलवुड यांच्या सहकार्यानें इंग्लंडांतील शुद्ध गणितास नवा जन्म मिळाला. हार्डीची दुपार क्रिकेटच्या मैदानावर जाई, आणि त्याबद्दल त्यानें कधीं संकोच मानला नाहीं. मद्रास इलाख्यांत इंटरच्या बरोबरीच्या एफ. ए. परीक्षेंत पुनःपुन्हां नापास झालेले रामानुजन १९१४ सालीं ट्रिनिटीस आले आणि १९१८ सालीं रॉयल सोसायटीचे सदस्य झाले. क्रमवारीच्या चाळणींतून जें धान्य खालीं पडलें असतें तें वेंचणारा मनुष्य तेथें बसलेला होता. तिकडे कॅव्हेंडिश प्रयोगशाळेंत जे. जे. थॉमसनच्या वेळेपासून दुपारच्या चहाला सर्वांनीं एकत्र जमावयाचा परिपाठ पडला होता, आणि वार्षिक भोजनाच्या वेळीं अणु-परमाणूंवर व खुद्द गुरुजनांवर रचलेलीं विनोदी गाणीं संशोधकमंडळी एकसुरांत म्हणत. ज्यांच्या प्रयोगांनीं पदार्थविज्ञानाचा पाया बदलला तेच हे लोक. तिवईवरचा तो जुना थट्टेखोर दोनशें वर्षांनीं पुन्हां घरीं परतला, असेंच म्हणावेंसें वाटतें.

या इतिहासाचें तात्पर्य आमच्या मतें असें. अभ्यास व आनंद हीं तराजूचीं पारडीं नव्हेत. तीं वेगळीं करणारी वस्तु तिसरीच असते, आणि ती म्हणजे क्रमवारी. केंब्रिजला कडक अभ्यासानें आनंदास हांकलून दिलें नाहीं. मॅक्सवेल, थॉमसन किंवा हार्डी यांच्याहून कडक अभ्यास कोणीं केला? अभ्यासाचें फळ म्हणजे यादींतील आपली जागा, असें ठरलें तेव्हां आनंद बाहेर जाऊन नदीवर बसला. ज्या दिवशीं वादांत, फिरण्यांत, चहाच्या पेल्याभोंवतीं पुन्हां विद्येचीच गोष्ट निघूं लागली, त्या दिवशीं तो परत आला.

आज आपण मुलांच्या क्रमवारीवरच थांबलों नाहीं. कॉलेजांचीहि क्रमवारी लावूं लागलों आहों. केंद्र सरकारच्या वतीनें २०१६पासून शिक्षणसंस्थांची अशी यादी प्रसिद्ध होऊं लागली. ती निरुपयोगी आहे असें आम्ही म्हणत नाहीं. पण कागदाच्या पाठीवर जें छापलेलें असतें तेवढेंच ती सांगते. कागदाच्या तोंडावर काय आहे तें पालकांनीं स्वतः जाऊन पाहिलें पाहिजे. तास संपल्यावर अध्यापकाभोंवतीं दोनचार मुलें रेंगाळतात काय? शास्त्राचा आणि साहित्याचा विद्यार्थी एकमेकांस नांवानें ओळखतात काय? ग्रंथालयांत परीक्षेशीं संबंध नसलेलें पुस्तक वाचणारें कोणी दिसतें काय? खेळांत चमकणारीं मुलें आणि अभ्यासांत चमकणारीं मुलें हीं एकमेकांस परकीं तर नाहींत? आणि, सर्वांत महत्त्वाचें, तेथें गुरुजनांची थट्टा करावयास विद्यार्थी भितात काय? या प्रश्नांचीं उत्तरें कोणत्याहि यादींत मिळावयाचीं नाहींत, पण कॉलेजच्या आवारांत एक दुपार घालविली तर बरींचशीं कळतील.

ज्या कॉलेजांत अशी तिवई अजून एखाद्या कोपऱ्यांत मांडलेली असेल, तेथें मुलास निर्धास्तपणें पाठवावें. मग यादींत त्याचा क्रमांक पहिला असो कीं पन्नासावा.